नऊच्या बातम्यांनंतरचा अर्धा तास: व्हेरा लिन आणि बीबीसीची पंचाईत

मी कॉलेजात मीडियाच्या पोरांना शिकवते. दरवर्षी एक तरी प्रकरण असं देते की ज्यात कोण चूक कोण बरोबर हे पहिल्या तासाला एकदम क्लिअर वाटतं आणि तिसऱ्या तासाला सगळे डोकं खाजवत बसतात. व्हेरा लिनचं प्रकरण त्यातलं माझं सगळ्यात लाडकं. इतकी वर्षं नोट्स तुकड्यातुकड्यात पडल्या होत्या, या सुट्टीत म्हटलं एकदाचं सलग लिहून टाकू. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी प्रकरण थोडक्यात. १९४१ चा नोव्हेंबर, दुसरं महायुद्ध ऐन भरात. बीबीसीकडे एक चोवीस वर्षांची गायिका आहे, सैनिक तिच्यावर जीव टाकतात, तिचा रेडिओ कार्यक्रम तुफान चालतोय, आणि बीबीसीतल्या वरच्या साहेब लोकांना तो बिलकुल पसंत नाही. नुसती नावड असती तर सोडून दिलं असतं, पण त्यांना मनापासून वाटतंय की असली हळवी गाणी ऐकून आपले सैनिक ढेपाळतील. आता तुम्ही साहेब आहात. काय कराल?

वर्गात पहिल्या तासाला सगळे ओरडतात, चालू ठेवा ना मॅडम, लोकांना आवडतंय तर. बरं. पुढे बघू.

मी यात कशी पडले

माझी ताई इंग्लंडमध्ये राहते, २०१४ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर तिच्याकडे होते. शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहायच्या. तिकडं वयानं कितीही मोठं माणूस असो, नावानंच हाक मारतात, ताईला सवय झालेली, मला मेलीला ते काही जमेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायचे आणि एक दिवस तोंडातून निघूनच गेलं. मग अर्थ सांगावा लागला. बाई खूश. तेव्हापासून आजीच.

तर या आजी सिंकपाशी भांडी विसळताना एक चाल गुणगुणायच्या, रोज तीच. मला ती ओळखीची होती, पण भलत्याच ठिकाणाहून. डॉक्टर स्ट्रेंजलव्ह नावाचा १९६४ चा सिनेमा आहे, अणुयुद्धाची टिंगल करणारा, त्याच्या अगदी शेवटी पडद्यावर बॉम्बमागून बॉम्ब फुटत असतात आणि मागे शांतपणे व्हेरा लिनचं 'वुई विल मीट अगेन' हे गाणं चालू असतं. मी मोठ्या उत्साहात आजींना ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुसले आणि म्हणाल्या, सिनेमावाले फार नंतर आले गं, आमच्याकडे हे गाणं भिंतीतून यायचं.

भिंतीतून म्हणजे काय, ते पुढे येईल. त्याच्यावरच तर सगळं प्रकरण फिरतं.

बाई कोण होती

व्हेरा मार्गारेट वेल्श. जन्म २० मार्च १९१७, लंडनच्या पूर्वेकडच्या ईस्ट हॅम भागात. म्हणजे गोदीच्या बाजूची कामगार वस्ती. वडील प्लंबर, आई कपडे शिवायची. सातव्या वर्षापासून पोरगी कामगारांच्या क्लबांमध्ये गात होती, पुढे स्वतःच्या आजीचं माहेरचं आडनाव घेऊन व्हेरा लिन झाली, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग जो लॉस, चार्ली कुन्झ, आणि १९३७ पासून अँब्रोज, असे त्या काळातले नावाजलेले डान्स बँड.

गाण्याचं रीतसर शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं. आवाज बायकांच्या मानानं खालच्या पट्टीतला, त्यामुळे छापील गाणं आलं की ते तिच्या पट्टीत उतरवून घ्यावं लागायचं. आणि उच्चार! एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा सुटा. खरखरणाऱ्या रेडिओवर, हजारो मैलांवर, शॉर्टवेव्हच्या लाटा वरखाली होत असताना हे केवढं महत्त्वाचं असेल याचा विचार करा. गळ्यातल्या हरकती वाटेतच गळून जातात, पण शब्द नीट म्हटला असेल तर पोचतो.

'वुई विल मीट अगेन' हे गाणं आलं १९३९ मध्ये. रॉस पार्कर आणि ह्यूई चार्ल्स या दोघांनी लिहिलेलं. पहिल्या रेकॉर्डिंगला ऑर्केस्ट्राच नाही, नोव्हाकॉर्ड नावाचं एक इलेक्ट्रिक वाद्य आहे साथीला, आजच्या सिंथेसायझरची पणजीच म्हणा, त्याचा आवाज जरा भुतासारखा येतो. यूट्यूबवर सापडतं, हेडफोन लावून ऐका. गाण्याचा मतलब एवढाच की पुन्हा भेटू, कुठे ते माहीत नाही, कधी ते माहीत नाही, पण भेटू.

आता मराठी पोरांना मी हे गाणं समजावायला फार वेळ घेत नाही. एकच विचारते, घरातून निघताना तुम्ही आईला काय म्हणता? 'येतो'. जात असतो आणि म्हणतो येतो. चुकून कोणी 'जातो' म्हटलं तर आज्जी दारातून परत बोलावून 'येतो म्हण' म्हणून घ्यायची. बास. पार्कर आणि चार्ल्सनी त्या 'येतो'चं गाणं केलंय. आणि १९३९ च्या इंग्लंडमध्ये घराघरातून तरणी पोरं बाहेर पडत होती, कोणाला कुठं पाठवतायत ते सांगायची परवानगी नाही, कधी परत येणार ते साहेबालाही माहीत नाही. म्हणजे ते 'कुठे कधी माहीत नाही' यात कविता कमी आणि वस्तुस्थिती जास्त होती.

तिकडच्या एका मोठ्या पेपरनं सैनिकांना आवडत्या कलाकाराचं नाव विचारलं तर ही पहिली. तिथून नाव पडलं फोर्सेस स्वीटहार्ट, फौजेची लाडकी. लंडनवर बॉम्ब पडत असताना ही बाई ब्लॅकआउटच्या अंधारात स्वतःची छोटी ऑस्टिन गाडी चालवत थिएटरात जायची. १९४१ मध्ये बँडमधल्याच हॅरी लुईसशी लग्न झालं, तो क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा.

कार्यक्रम

सिन्सिअरली युवर्स. पत्राच्या शेवटी 'आपली विश्वासू' लिहितात ना, तेच. पहिला भाग रविवार, ९ नोव्हेंबर १९४१. रात्री नऊच्या बातम्या झाल्या की लगेच, अर्धा तास.

ही वेळ नीट समजून घ्या. नऊच्या बातम्या म्हणजे अख्खा देश रेडिओभोवती. कुठलं जहाज बुडालं, कुठून माघार घेतली, ते सगळं ऐकून लोक तसेच बसलेत, आणि त्या शांततेत ही बाई बोलायला लागते. कार्यक्रमाचा साचाच पत्राचा होता. घराकडून फौजेतल्या माणसांना लिहिलेलं पत्र. मधेमधे गाणी आणि मधेमधे निरोप. निरोप खरे! व्हेरा स्वतः हॉस्पिटलात जायची, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना फुलं द्यायची, आणि मग रेडिओवर नाव घेऊन सांगायची की अमुक शिपाईदादा, तुला मुलगी झालीये, दोघी सुखरूप आहेत.

आपल्याकडे विविध भारतीवर फौजी भाईंसाठी जयमाला लागायचं ना, नटनट्या येऊन जवानांशी बोलायच्या, त्याची ही लांबची मावशी म्हणायला हरकत नाही.

आणि पत्रांची त्या काळी काय अवस्था होती ते बघा. इजिप्तला जाणारं टपाल जहाजानं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायचं, महिनेच्या महिने लागायचे. म्हणून १९४१ च्या एप्रिलपासून एअरग्राफ सुरू केलं, म्हणजे पत्राचा फोटो मायक्रोफिल्मवर काढायचा, ती फिल्म विमानानं पाठवायची, तिकडं कागदावर परत छापायची. एवढा खटाटोप करूनही पत्र पोचायला आठवडे. तशात रेडिओवरून कोणी त्याच रात्री सांगतंय की तुझी बायको सुखरूप आहे. हे मनोरंजन खात्यात टाकायचं की टपाल खात्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेबांचं म्हणणं

हा भाग मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण पोरं साहेबांना व्हिलन करून मोकळी होतात.

कार्यक्रम सुरू झाल्यावर पुढचे काही महिने काय घडलं त्याची यादी बघा. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर. १० डिसेंबरला जपान्यांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी लढाऊ जहाजं बुडवली. नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर. एकामागून एक नुसती मार खाल्ल्याची बातमी, आणि दर रविवारी नऊची ती बातमी संपली की लगेच मऊ आवाजात गाणं. पार्लमेंटातली मंडळी, निवृत्त लष्करी अधिकारी, पेपरला पत्रं लिहिणारे, सगळे बिथरले. त्यांचं म्हणणं असं की आपली पोरं हरतायत आणि आपण त्यांना घराची आठवण काढून रडायला शिकवतोय, त्यांना जोशात पाऊल टाकायला लावणारी गाणी द्या, कवायतीची गाणी द्या, हे काय पिळपिळीत.

बीबीसीच्या नियामक मंडळाच्या इतिवृत्तात या कार्यक्रमाबद्दल एक नोंद आहे, इंग्रजीत जेमतेम पाचसहा शब्द. मतलब असा की कार्यक्रम निषेधार्ह, पण लोकप्रियतेची नोंद घेतली. सरकारी फायलींवर मी बरंच काय काय वाचलंय पण इतक्या कमी शब्दांत इतकी पंचाईत कुणी मांडलेली बघितली नाही. निषेधही केला, नोंदही घेतली, आणि निर्णय? तो नाहीच त्यात.

निर्णय मग तिसरीकडूनच आला. १९४२ च्या जुलैमध्ये बीबीसीनं डान्स म्युझिकसाठी धोरण काढलं, त्यासाठी वेगळी कमिटीच नेमली. फार हळवी गाणी नकोत. शास्त्रीय संगीतातल्या चाली उचलून केलेली गाणी नकोत. पुरुष गायकांनी अशक्त, मरगळलेल्या आवाजात गायचं नाही आणि बायकांनी खोटं, अतिभावुक गायचं नाही. मी हे वर्गात वाचते तेव्हा हमखास हशा पिकतो, आणि मग मी विचारते की अशक्त आवाज मोजणार कसा, त्याचं काय यंत्र असतं? कमिटीत बसलेल्यांनाही तोच प्रश्न पडला असणार. सिन्सिअरली युवर्सचा तो अवतार तोवर संपलेला होता आणि व्हेराचा स्वतःचा असा कार्यक्रम रेडिओवर परत यायला बराच काळ गेला. गंमत म्हणजे तिच्यावर बंदी अशी कधीच नव्हती. आवाज बंद न करता जागा काढून घ्यायची, ही ऑफिसातली जुनी पद्धत, सगळ्यांनी कुठे ना कुठे अनुभवलेली असते.

दरम्यान तिचं व्हाइट क्लिफ्स ऑफ डोव्हर हे गाणं गाजत होतंच. त्यात डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून निळे पक्षी उडतील असं म्हटलंय, तर ते ब्लूबर्ड इंग्लंडमध्ये नसतातच, ते अमेरिकेतले, कारण गाणं लिहिणारे नॅट बर्टन आणि चाल देणारे वॉल्टर केंट दोघे अमेरिकन. कोणी सैनिकानं तक्रार केली नाही.

आता भिंत

आजी १९४१ मध्ये नऊ वर्षांच्या. वडील ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत, इजिप्तच्या वाळवंटात. घरात आई आणि ही, दोघीच. रेडिओ होता, पण विजेवर चालणारा नाही, ॲक्युम्युलेटरवरचा. म्हणजे काचेच्या भांड्यातली ॲसिडची बॅटरी, ती उतरली की हँडल धरून, अंगावर सांडणार नाही अशी तोल सांभाळत दुकानात न्यायची, चार्ज करून आणायची, ते काम आजींचं होतं. त्या ॲसिडचा एक थेंब पडून फ्रॉकला पडलेलं भोक त्यांनी मला बोटांनी आकार करून दाखवलं, एवढं, शर्टाच्या बटणाएवढं.

रविवारी रात्री दोघी नऊच्या बातम्या ऐकायच्या. आई विणत असायची. बातम्या संपायच्या, व्हेराचं नाव घेतलं जायचं, आणि आई उठून रेडिओ बंद करायची. दर रविवारी. का, तर म्हणे बॅटरी उतरते.

आजी म्हणाल्या, मला तेव्हाही माहीत होतं, बॅटरी अर्ध्या तासानं काय उतरतेय, परवाच तर मी भरून आणली होती. पण आईला विचारायची सोय नव्हती. आई किटली चढवायला आत जायची, नळ जोरात सोडायची, आणि मी पलीकडच्या घराच्या भिंतीला कान लावायचे. पलीकडे चालू असायचा. विटांच्या भिंतीतून शब्द येत नाहीत, नुसती चाल येते. म्हणून मला शब्द कधी नीट आलेच नाहीत, चाल पाठ झाली.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात ते प्रकरण पार उलटं झालं. तोवर मीसुद्धा वर्गात हेच सांगायचे की साहेब मूर्ख होते, जनता शहाणी होती, झालं. पण इथे एक बाई आहे जिला ते गाणं खरोखर सहन होत नाहीये. साहेबांना जी भीती वाटत होती, की माणूस ऐकून ढासळेल, ती त्या स्वयंपाकघरात खरी होती. फक्त माणूस चुकला होता. त्यांना काळजी होती वाळवंटातल्या शिपायाची.

आणि वाळवंटातल्या शिपायाचं काय? वडील १९४६ मध्ये परत आले. आजींनी पुढे कधीतरी विचारलं, बाबा, तुम्ही तिकडं व्हेरा लिन ऐकायचात का? तर म्हणाले, आम्ही जर्मनांचं ऐकायचो.

जर्मनांचं

हे ऐकून मी हसले होते पण ते अगदी खरं आहे. लिली मार्लीन. शब्द हान्स लाइप यांनी १९१५ मध्ये लिहिलेले, चाल नॉर्बर्ट शुल्त्से यांची, लाले अँडरसननं १९३९ मध्ये रेकॉर्ड केलं तेव्हा फार कोणी विचारलं नाही. १९४१ मध्ये जर्मनांनी बेलग्रेड काबीज केल्यावर तिथलं रेडिओ स्टेशन फौजेसाठी चालवायला घेतलं, आणि दर रात्री दहाच्या आसपास, कार्यक्रम संपवताना हे गाणं लागायला लागलं. बराकीच्या फाटकापाशी दिव्याखाली उभी राहणारी मुलगी, एवढंच त्यात. जर्मन सेनापती रोमेलचे सैनिक ऐकायचे, आणि वाळवंटात पलीकडच्या बाजूला आठव्या आर्मीतले इंग्रजही तोच काटा लावून ऐकायचे.

आता गंमत बघा. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्यालाही ते गाणं आवडत नव्हतं! का, तर पिळपिळीत, लढाऊ बाणा नाही. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन देशांत, एका बाजूला लोकशाही, दुसऱ्या बाजूला हिटलर, आणि दोन्हीकडच्या ऑफिसात बसलेल्या माणसांचं गाण्याबद्दलचं मत सेम टू सेम. आणि दोन्हीकडच्या खंदकातल्या माणसांचंही सेम टू सेम, फक्त उलट.

बर्मा

१९४४. व्हेराला बाहेर जाऊन सैनिकांपुढे गायचं होतं. कलाकारांना आघाडीवर पाठवणारी एन्सा नावाची सरकारी यंत्रणा होती, सैनिकांनी तिच्या आद्याक्षरांचा अर्थ 'रोज रात्री काहीतरी भयानक' असा लावलेला, यावरून दर्जाचा अंदाज घ्या. तिनं म्हटलं जिथं बाकीचे जात नाहीत तिथं पाठवा. तिथं म्हणजे बर्मा. चौदावी आर्मी, जनरल स्लिम यांची, जिला स्वतःच्याच लोकांनी विसरलेली फौज नाव पडलं होतं कारण पेपरात बातमी यायची ती युरोपची.

फ्लाइंग बोटीतून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, टप्पे घेत, इजिप्त, बसरा करत ती हिंदुस्थानात आली. मार्चमध्ये सिल्हेटकडच्या शमशेरनगर विमानतळावर गायली, पुढे चितगाव, आराकानच्या बाजूला. सोबत एक पियानोवाला आणि एक पियानो, तो ट्रकवर घालून जंगलातल्या रस्त्यांनी हिंदकळत न्यायचे, दमटपणानं आणि धक्क्यांनी त्याचे सूर पार हललेले. झगमगीत गाऊन एकीकडे राहिला, घामानं ते शक्यच नव्हतं, बाई खाकी शर्ट आणि खाकी हाफपँटवर उभी राहायची. कधी पुढे हजारो माणसं, कधी हॉस्पिटलच्या तंबूत दोनचार खाटा. हॉस्पिटलात पियानो नाही, माइक नाही, नुसतं खाटेपाशी उभं राहून गायचं. फर्माईश बहुतेक वेळा तीच. तिनं पुढे अनेकदा सांगितलंय की एक सैनिक तिला म्हणाला, तू इथं आलीस म्हणजे घर काही फार लांब नसणार.

हे वाक्य मी वर्गात सावकाश वाचते. त्यात गाण्याचं कौतुक कुठेच नाही. तो नुसता अंतर मोजतोय.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौदाव्या आर्मीत बहुसंख्य माणसं आपली होती, हिंदुस्थानी. व्हेरा शमशेरनगरला गात होती त्याच मार्च महिन्यात मणिपूरमध्ये संगशाकला पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवून धरत होती, आणि तिथे जे दिवस मिळाले त्यावर कोहिमा आणि इंफाळच्या लढायांची तयारी झाली. त्या मराठा गड्यांना व्हेरा लिनचा एक शब्द कळला नसता. त्यांच्यासाठी फौजी दिलखुश सभा नावाची वेगळी सोय होती, गाणी, नाच, नकला, असं. पण नाव घेऊन 'तुझी कारभारीण बाळंत झाली, दोघी बऱ्या आहेत' असं सांगणारा रविवारचा अर्धा तास सातारा-रत्नागिरीच्या पोराला कोणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याचं पत्र बऱ्याचदा दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, आलेलं दुसऱ्याकडून वाचून घेतलेलं, मधे सेन्सॉरनं उघडलेलं. पाच माणसांच्या हातून गेलेल्या पत्रात बायको काय लिहिणार? 'इकडील सर्व ठीक.'

मग तिसऱ्या तासाला

पोरं आता शांत झालेली असतात. मग मी फळ्यावर एवढंच लिहिते: ऐकणारा कोण?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. साहेबांची चूक हळवेपणाला नावं ठेवण्यात नव्हती. ते समजत होते की घराची आठवण गाणं आणतं. शिपायाला आठवण यायला गाणं लागत नव्हतं हो, ती चोवीस तास होतीच, खंदकात बसून दुसरं करतोय काय तो. गाण्यानं त्या आठवणीला अर्धा तास बसायला जागा दिली, वेळ ठरवून दिली, आणि मग सोमवार. उलट घरात बसलेल्या आईनं दिवसभर त्या आठवणीला कामाखाली दाबून ठेवलेलं असायचं, रेशनच्या रांगा, विणकाम, पोरीची शाळा, आणि रविवारी नऊ वाजता रेडिओ येऊन ते झाकण उघडणार. तिनं बंद केलं, बरोबरच केलं.

आणि घराला, फौजेला चॅनल एकच. फोर्सेस प्रोग्रॅम, नावाला फौजेचा, पण घरोघरी तोच लागायचा. पत्र नवऱ्याला लिहिलेलं आणि वाचून दाखवलं जातंय सगळ्या गल्लीला. ही अडचण बीबीसीच्या कुठल्याच कमिटीनं अशी समोर घेतली नाही, ते आवाज अशक्त की सशक्त यावरच भांडत बसले. आज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकासाठी टाकलेला मेसेज चाळीस जण वाचतात तेव्हा जे होतं, ते हेच.

दरवर्षी एखादी मुलगी विचारते, मग मॅडम, चालू ठेवायला हवा होता की बंद करायला हवा होता? मी सांगते, चालू. रेडिओला बटण असतं.

नंतर

नंतरचं पटकन सांगते. १९५२ मध्ये तिचं दुसरं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं, ब्रिटिश गायिकेला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला. १९७५ मध्ये डेम हा किताब मिळाला. १९८५ मध्ये बर्मा स्टार हे युद्धातलं पदक मिळालं, ते मिळाल्याचं तिला फार अप्रूप होतं. २००९ मध्ये जुन्या गाण्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला, तेव्हा वय ब्याण्णव. ज्या आवाजाची अडचण झाली होती तोच आवाज पुढे बीबीसी प्रत्येक विजयदिनाला काढून पुसून लावत राहिली, याबद्दल कोणी माफी वगैरे मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग आलं २०२०. ५ एप्रिलला, रविवारी, राणी टीव्हीवर लॉकडाऊनबद्दल बोलली आणि भाषण संपवताना 'पुन्हा भेटू' म्हणाली, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कुठून आलं ते कळलं. ८ मे ला युरोपातल्या विजयाला पंचाहत्तर वर्षं झाली. रात्री नऊला परत राणीचं भाषण, आणि त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून हे गाणं म्हणायचं असं बीबीसीनंच सांगितलेलं. म्हणजे बघा, पुन्हा नऊ, पुन्हा बीबीसी. व्हेरा लिन तेव्हा एकशेतीन वर्षांची, हयात होती, पुढच्या महिन्यात १८ जूनला गेली.

ताईनं त्या रात्रीचा व्हिडिओ पाठवला होता, माझ्या फोनमध्ये अजून आहे. अंधार पडत आलाय, गल्लीत दाराशी दाराशी माणसं, मधे सहासहा फूट अंतर, कोणाच्या हातात शब्दांचा कागद, कोणाच्या हातात वाइनचा ग्लास, कोणीतरी भयंकर बेसूर. आजी अठ्ठ्याऐंशीच्या, दारात खुर्ची टाकून, गुडघ्यावर शाल घेऊन बसल्यात. ताई कुंपणाच्या अलीकडून फोन धरून उभी आहे, तो हळूहळू त्यांच्याकडे वळवते. सगळी गल्ली शब्द म्हणतेय. आजींचं तोंड बंद, नुसती चाल. दुसरं कडवं सुरू होतं, तशा त्या थांबतात, फोनकडं बघतात, आणि ताईला म्हणतात, ठेव आता ते खाली, बॅटरी उतरेल.